गिटारची किनार कशाने चिकटवावी?

गिटारच्या कडेने फिरणारी पांढरी पट्टी नुसती शोभेची नसते. लाकडाच्या उघड्या कडांना ती धक्क्यांपासून, दमटपणापासून जपते. पट्टी लाकडाचीच असेल तर सुतारकामाचा नेहमीचा गोंद उत्तम. सेल्युलॉइडच्या पट्टीला मात्र तो धरत नाही. त्याच पट्टीचे बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये झाकून ठेवले, की विरघळून मधासारखा दाट रस होतो. हा रस पट्टीचा पृष्ठभाग मऊ करून लाकडाच्या रंध्रांत बसतो. काम खिडकी उघडून, विस्तवापासून लांबच करावं. सुपरग्लू झटपट धरतो, पण मला त्याची धास्ती वाटते: स्प्रूस लाकडाच्या तंतूंत झिरपला की डाग वार्निशखालूनही दिसतो. वापरायचाच तर आधी लाकडाला लाखेच्या पातळ पॉलिशचा एक हात द्या. सुकेपर्यंत किनार दाबून धरायला गिटारच्या कमरेच्या वळणावर चिकटपट्टी दाट लावा. जुनी किनार आकसून सुटते ती बहुधा तिथेच.