जुन्या डिशला नवा एलएनबी: वालचंदनगरात तो किती तिरका बसवायचा?

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आलं की घरातले सगळे आधी मोबाईल हातात असलेल्या पोराकडे बघतात. “तुला यातलं कळतं ना, बघ जरा!” डीडी फ्री डिशची छत्री असेल तर महिन्याचा रिचार्ज नसतो, म्हणून आजी-आजोबांच्या घरात ती वर्षानुवर्षं चालते. ती बंद पडली की त्यांच्या बातम्या, कीर्तन, मालिका सगळंच बंद. बऱ्याचदा दोष असतो एलएनबीचा, आणि तो तुम्ही स्वतः बदलू शकता. मी इथे वालचंदनगरात मावशीच्या गच्चीवर हे काम केलं, तेव्हा अर्धा तास लागला.

एलएनबी करतो काय?

छत्रीच्या दांड्यावर पुढे बसवलेला तो छोटा डबा म्हणजे एलएनबी. जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तिथून येणारा सिग्नल फारच क्षीण असतो. छत्री तो गोळा करून एलएनबीच्या तोंडावर टाकते. एलएनबी तो वाढवतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी कमी करतो, कारण इतकी उच्च फ्रिक्वेन्सी साध्या केबलमध्ये लवकर विरून जाते. उदाहरणार्थ, सिग्नल ११,५०० मेगाहर्ट्झचा असेल तर त्यातून ९,७५० वजा होतात आणि केबलमधून १,७५० मेगाहर्ट्झ खाली येतात.

त्याला लागणारी वीजही त्याच केबलमधून बॉक्सकडून जाते. १३ व्होल्ट दिले तर तो उभ्या लहरी घेतो, १८ व्होल्ट दिले तर आडव्या. हे उभं-आडवं लक्षात ठेवा, पुढे तेच महत्त्वाचं आहे.

दोष एलएनबीचाच आहे का?

दुकानात जाण्याआधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या दिसतात.

- स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी दोन्ही शून्य: आधी केबल आणि दोन्ही टोकांच्या पिना तपासा. पीन गंजलेली किंवा आत पाणी असेल तर तेवढीच बदलून बघा. तरी काही नाही, तर एलएनबी गेला असण्याची शक्यता मोठी.
- स्ट्रेंग्थ आहे, क्वालिटी शून्य: छत्री हलली असेल किंवा एलएनबी फिरला असेल.
- एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी तडकलेली: आत पाणी गेलं असणार. बदलाच.

दुकानात ‘केयू बँड युनिव्हर्सल एलएनबी’ मागा. एकाच टीव्हीसाठी एका तोंडाचा पुरतो. मोठ्या जाळीच्या छत्रीचा सी बँडवाला इथे चालत नाही.

काढण्याआधी फोटो

बॉक्सचा प्लग आधी काढा. चालू केबल जोडताना शॉर्ट झाली तर बॉक्स जाऊ शकतो. पत्र्यावर किंवा ओल्या गच्चीवर एकट्याने चढू नका, आणि आभाळ गडगडत असेल तर उद्या करा.

मग जुन्या एलएनबीचे फोटो काढा: समोरून, बाजूने आणि क्लॅम्पजवळून. केबलची पीन कुठल्या दिशेला आहे आणि मान क्लॅम्पमध्ये किती आत आहे, ते फोटोत नीट दिसलं पाहिजे. क्लॅम्पवर मार्करने रेघही मारा.

आणि एक पक्कं: छत्रीचे मागचे नट अजिबात सैल करू नका. २०१५ मध्ये जीसॅट-१५ जायच्या आधी ही सेवा इन्सॅट-४बी वरून चालायची, आणि तोही ९३.५ अंशावरच होता. म्हणून जुनी छत्री आजही बरोबर दिशेलाच बघत असते. ती हलली तर अर्ध्या तासाच्या कामाला अख्खा दिवस जाईल.

खरी गोम: तिरकेपणा

बरेच जण नवा एलएनबी पीन सरळ खाली ठेवून बसवतात. आपल्याकडे हे चालत नाही. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नसून आग्नेयेला आहे. त्यामुळे त्याच्या ‘उभ्या’ लहरी आपल्यापर्यंत तिरक्या होऊन पोचतात. वालचंदनगरच्या अक्षांश-रेखांशावरून मी हिशोब केला तर हा तिरकेपणा सुमारे ४५ अंश निघतो. दिल्लीत तोच सुमारे २७ अंश. म्हणजे दिल्लीतल्या माणसाचा व्हिडिओ बघून तसाच कोन ठेवला, तर आपला एलएनबी अठरा अंशांनी चुकतो.

सरळ ठेवला तर त्याहून वाईट. ४५ अंशांच्या चुकीत हवा तो सिग्नल निम्मा होतो आणि नको तो तितकाच आत शिरतो. उलट्या बाजूला ४५ अंश फिरवला तर एकूण चूक ९० अंशांची होते आणि भलत्याच लहरी येतात.

मग ठेवायचा कसा? छत्रीच्या समोर उभं राहून तिच्याकडे बघा आणि घड्याळ डोळ्यांसमोर आणा. पीन सरळ खाली म्हणजे सहा. तिथून काट्याच्या दिशेने साडेसातपर्यंत फिरवा. काही एलएनबींच्या मानेवर अंशांच्या खुणा असतात, त्या वापरा. शेवटी जुन्या फोटोशी ताडून बघा.

जोडा आणि बघा

पीन हाताने घट्ट करा, बॉक्स चालू करा. घरातल्या एकाला फोनवर क्वालिटीचा आकडा वाचायला सांगा आणि एलएनबी एका वेळी दोन-तीन अंशच फिरवा. प्रत्येक वेळी थोडं थांबा, कारण आकडा उशिरा बदलतो. सगळ्यात जास्त आकडा येईल तिथे क्लॅम्प आवळा, पण प्लॅस्टिक तडकेल इतका नको.

पिनेवर रबराची टोपी चढवा. केबलला एलएनबीखाली थोडा झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी पिनेत न शिरता झोळावरून गळून जाईल.

छत्री वादळात खरंच हलली असेल तर वालचंदनगरसाठी दोन आकडे लिहून ठेवा: दिशा उत्तरेपासून सुमारे १३२ अंश, उंची सुमारे ६० अंश. होकायंत्राचं ॲप लोखंडी पाइपाजवळ चुकीचं दाखवतं, म्हणून दोन-तीन पावलं लांब उभं राहून दिशा घ्या. छत्री मात्र ६० अंशांपेक्षा खाली बघतेय असं वाटेल. घाबरू नका, या छत्र्यांची रचनाच तशी असते.