जुन्या गोळ्यांचा मागोवा

इंदूरजवळ राऊला आमच्या शेजारच्या काकांच्या औषधाच्या डब्यात ॲटोर्व्हास्टॅटिनची पट्टी हृदयविकारापासून होतीच. पुढे गालाचा कॅन्सर निघाला आणि इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. तेव्हा काकूंनी विचारलं, "ही कोलेस्टेरॉलची गोळी कॅन्सरलाही लागू पडते म्हणे. खरं का रे?"

उत्तर शोधायला पन्नास वर्षं मागे जावं लागलं. 1973 मध्ये जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीत कॉम्पॅक्टिन हे पहिलं स्टॅटिन सापडलं; काकांची गोळी याच कुळातली. 1987 मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल बनण्याची वाट अडवतं. पेशीला वाढीचे निरोप पोचवायला लागणारे रेणूही त्याच वाटेवर तयार होतात, म्हणून कॅन्सरचे अभ्यासक इकडे वळले. अमेरिकेतल्या जुन्या नोंदी तपासल्या, तर डोकं-मानेच्या (यात गालही आला) कॅन्सरचे स्टॅटिन घेणारे रुग्ण जास्त जगलेले दिसले. इथे माझं मन अडतं. निदानानंतर गोळी सुरू झालेला माणूस तोवर जगलेला असतोच. शिवाय नियमित गोळी घेणारा तपासणीलाही नियमित जातो. श्रेय गोळीचं की या सगळ्याचं, हे नोंदी सांगत नाहीत. 2021 मध्ये सिस्प्लॅटिन हे कानांना इजा करू शकणारं केमोचं औषध घेणाऱ्या 277 रुग्णांच्या अभ्यासात ॲटोर्व्हास्टॅटिनवाल्यांचं ऐकणं कमी बिघडलेलं आढळलं. तेही निरीक्षणच, पण बहिरेपण सोसणाऱ्याला त्याचं मोल विचारा.

जुन्या गोळीची खरी परीक्षा कशी घ्यावी, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलने दाखवलं. तिथल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेचा कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेलेल्या 422 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला शिरेतून सिस्प्लॅटिन. दुसऱ्याला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज सेलेकॉक्सिब. एक संधिवाताची ओळखीची गोळी, दुसरी दुखण्याची. 2020 मध्ये निकाल आला: मध्यक आयुष्य सिस्प्लॅटिनवर 6.1 महिने, गोळ्यांवर 7.5. गंभीर त्रासही गोळ्यांवर कमी. सव्वा महिन्याहून थोडं जास्तच, आणि तेही सलाइनशिवाय, घरी. मला हा आकडा लहान वाटत नाही. स्टॅटिनच्या वाट्याला जगण्याबाबत असा स्पष्ट कौल अजून आलेला नाही, तो यावा असं मनापासून वाटतं.

काकूंना मी सांगितलं, "गोळी हृदयासाठी आहे, बंद करू नका. कॅन्सरसाठी म्हणून मनाने वाढवूही नका. पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा."

त्यांनी पट्टी फाइलमध्ये, परतीच्या तिकिटाशेजारी ठेवली.