शब्द अडले तरी हात बोलतो



आपण ज्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो, तो पक्षाघात. त्यात कित्येकदा उजवा हात-पाय लुळा पडतो आणि बोलणंही जातं. दोन्ही एकदम का? बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचं काम डावी बाजू करते आणि शरीराची उजवी बाजूही तीच चालवते. तिथे रक्ताची गुठळी अडकली किंवा रक्तस्राव झाला, की दोन्हींना फटका बसतो. भाषेच्या या अडचणीला वाचाघात म्हणतात.

बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं आपण धरून चालतो. मग घरातलं, शेतातलं, बचत गटातल्या पैशांचं त्या बाईला कुणी विचारतच नाही.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ साली डॉक्टर ब्रोका यांनी एक रुग्ण तपासला. काहीही विचारलं तरी तो ‘तां, तां’ एवढंच म्हणे. इथे किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्याने हाताची पाचही बोटं चारदा उघडली आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस वर्षं! उत्तर बरोबर होतं.

म्हणून अशा व्यक्तीशी बोलताना आपण तिच्या तोंडाबरोबर हाताकडेही बघू या. तिने पेला धरल्यासारखी मूठ केली, तर लगेच पाणी पुढे करू नका. आधी विचारा, “पाणी हवं?” मान हलली नाही, तर “चहा?” एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर येईल असा. मग थांबा. ओरडून बोलू नका. बहिरेपण आलेलं नाही. आपणही बोलताना हातवारे करा, वस्तू दाखवा.

प्रत्येकीची खूण स्पष्ट असेलच असं नाही. काहींचा हातही गोंधळतो. काही जणी भराभर बोलतात, पण अर्थ लागत नाही आणि आपलं बोलणंही त्यांना नीट कळत नाही. त्यामुळे अंदाजाने ठरवू नका, पुन्हा विचारून खात्री करा. वाचा-उपचार करणाऱ्यांचा सल्लाही जरूर घ्या. सराव आणि साथ मिळाली, तर महिन्यांनंतरही सुधारणा होऊ शकते.

आणि हो, कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात गळाला किंवा बोबडी वळली, तर मालिश करत बसू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा.

आपल्या गटात अशी कुणी मैत्रीण असेल, तर पुढच्या बैठकीला तिला बोलवा. ठराव तिला समजावून सांगा आणि तिचा हात वर होईपर्यंत थांबा.