फुकटचं काम कोण करतं?

परवा शाळेतल्या संगणकावर प्रश्नपत्रिका टाइप करताना कळलं, की त्यावरच्या लिब्रेऑफिस या सॉफ्टवेअरसाठी शाळेनं एक पैसाही भरलेला नाही. चोरीचं तर नाही ना, या शंकेनं मी घाबरलेच! शिकायला आमच्याकडे राहणारी भाची हसली. “अगं मामी, ते मुक्त सॉफ्टवेअर. सगळ्यांसाठी खुलं!”

मैत्रिणींनो, आपल्या भाषेत सांगायचं तर दुकानातला लाडू विकत मिळतो, त्याची कृती मिळत नाही. इथे कृतीच उघड असते. कुणीही वाचावी, हवा तो बदल करावा, दुसऱ्याला द्यावी. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं सुरू केलेलं लिनक्स असंच वाढलं. आपले अँड्रॉइड फोन त्याच्याच पायावर उभे आहेत.

पण पदरचा वेळ घालून हे करतं कोण? आणि का? लखानी आणि वुल्फ या अमेरिकेतल्या संशोधकांनी ६८४ जणांना हेच विचारलं. २००५ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात सर्वांत ठळक कारण निघालं, ते नवं काही घडवण्याचा आनंद! शिवाय स्वतःची गरज भागते, शिकायला मिळतं. सुमारे ४० टक्के लोकांना तर या कामाचा पगार मिळत होता. सारेच फुकट राबत नव्हते, बरं का!

पुढचा आकडा मात्र टोचला. २००२ सालच्या एका युरोपीय पाहणीत २,७८४ जणांनी उत्तरं दिली. त्यांत बायका शेकडा जेमतेम एक! २००६ साली ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाकडे गूगलच्या उन्हाळी योजनेसाठी १८१ अर्ज आले. त्यांत बाईचा एकही नव्हता. मग त्यांनी खास बायकांसाठी योजना काढली, तेव्हा अर्ज आले. म्हणजे हुशारी होती. ‘या’ म्हणणारं कुणी नव्हतं.

दुसरं कारण मला घरातच सापडलं. संध्याकाळी मुलगा संगणकाशी बसला, की मी म्हणते, “शिकतोय, शिकू दे.” भाची बसली, की मीच हाक मारते, “जरा पोळ्या लाटतेस का गं?”

आता सोमवारी आणि गुरुवारी चिरंजीव पोळ्या लाटतात. नकाशे होतात, चालायचंच! त्या वेळात भाची सॉफ्टवेअरमधले शब्द मराठीत आणायचं काम शिकते आहे.

तुमच्या घरी संध्याकाळचा तो मोकळा तास कुणाच्या वाट्याला येतो? एकदा बघा बरं!