पावसाच्या उतारावरून

वेण्णा तलावाच्या काठाने निघतो आहे आणि तलाव दिसत नाही. जुलैतला ढग रस्त्यावर बसला आहे. समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे अगदी जवळ आल्यावर पिवळे होतात. गटारांतून तांबडं पाणी धावतंय, जांभ्याची माती घेऊन. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. वर्षाला इथे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मी निघालोय ते फलटण इथून शंभरेक किलोमीटर, आणि तिथला वर्षाचा पाऊस पाचशेच्या आसपास. डोंगराचा उतार तर आहेच, पण मला ओढ आहे ती या पावसाच्या उताराची. सायकलवर तो कातडीला कळतो.

पाचगणी १९ किलोमीटरवर. एवढ्याशा अंतरात पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर येतो. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या कड्यावर चढतो, थंड होतो, आणि भार माथ्यावरच टाकून पुढे येतो. भोसे मागे पडतं आणि रेनकोटवरची थाप विरळ होते. टेबललँडखालच्या टपरीवर चहा घेतो तेव्हा नुसती भुरभुर उरली आहे.

मग पसरणीचा घाट. वाईपर्यंत बारा-तेरा किलोमीटरमध्ये साधारण साडेपाचशे मीटर खाली. पॅनिअर भरलेली सायकल इथे स्वतःच पळू लागते. रिम ओल्या आहेत, त्यामुळे ब्रेक दाबला की चाकाच्या पहिल्या फेऱ्यात पॅड फक्त पाणी पुसतं, पकड नंतर येते. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. सतत धरून ठेवला तर रिम तापते. मनगटं भरून येतात. तांबडी माती संपली आहे. रस्त्याच्या कडेला आता काळा पाषाण, थरावर थर, आणि प्रत्येक थराच्या फटीतून पाणी झिरपतंय. एका वळणावर ढग अचानक माथ्यावर राहतो आणि खाली धोमचा जलाशय उघडतो. मी थांबतो. पाण्याच्या कडेने मातीची उघडी पट्टी गोल फिरली आहे. धरण अजून भरायचं आहे. पायथ्याला पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव.

वाईत कृष्णेला गढूळ पाणी आहे. ढोल्या गणपतीसमोरच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या आहेत. रेनकोट काढून कॅरिअरवर बांधतो.

महामार्ग ओलांडला की ऊस आणि हळद मागे राहते. वाठार स्टेशनच्या शिवारात वाघ्या घेवडा हातभर अंतराच्या ओळींत उभा आहे. एके काळी महाबळेश्वरला जाणारे प्रवासी याच स्टेशनवर उतरून टांग्याने घाट चढत. आता पाठीशी नैर्ऋत्येचा वारा आहे, कोरडा आणि जोरकस. मोठ्या गिअरवरही पाय हलके पडतात. वर ढग धावताहेत, माझ्याच दिशेने, आणि थेंब टाकत नाहीत. हे पाहताना घशाशी काहीतरी येतं. सकाळी ज्यांनी मला भिजवलं तेच हे ढग, आणि खालची बाजरी वीतभर उंचीवर थांबून आहे.

सालप्याच्या घाटात मेंढ्यांचा कळप आडवा येतो. कोकणच्या चिखलात खूर कुजतात म्हणून धनगर पावसाळ्याला घाटावर परततात. पुढचा धनगर हात वर करून मला थोपवतो, मागचं कोकरू उचलून घेतो. मडगार्डवरची तांबडी माती वाळून पापुद्र्यांनी गळते आहे.

लोणंद. कांद्याचा उग्र वास, धुळीत उभे ट्रक. चांदोबाच्या लिंबाशी, जिथे आषाढात माउलींचं उभं रिंगण होतं, सावलीत पाणी पितो. तरडगावच्या पुढे कालवा, आणि पुन्हा हिरवागार ऊस. त्याच्यावर पडलेला पाऊस इथला नाही, डोंगरातला आहे.

कालव्याच्या पुलावर दोघे बसलेत. त्यांतले वयस्कर गृहस्थ कॅरिअरवरचा ओला रेनकोट पाहतात.

"वरनं आलाय व्हय? पडतोय का?"

"सकाळी धो धो होता, काका."

"आन् धोम? भरलंय किती?"

काठाची पट्टी अजून उघडी असल्याचं सांगतो. ते बोटांवर काहीतरी मोजतात आणि शेजारच्याकडे वळतात, "म्हंजे अजून पंधरा दिस. तवर वरल्या बलकवडी धरणाचं पाणी काय आपल्यापत्तुर येत न्हाई." शेजारचा मान हलवतो, "येतंय की, वरच्यांनी सोडलं तर," आणि दोघांचा वाद सुरू होतो.