थांबल्यावर बसायचं की उभं राहायचं?

सकाळी सहा-साडेसहाला पवईत हिरानंदानीच्या फुटपाथांवरून एक चक्कर मारली, तर कुत्र्यांचं छोटंसं संमेलनच भेटतं. लॅब्रेडॉर, बीगल, गोल्डन रिट्रीव्हर, मुंबईच्या दमट हवेत धापा टाकणारा एखादा हस्की, आणि या सगळ्यांकडे कोपऱ्यावरून निवांत बघणारे आपले गावठी. पट्टा धरून चालणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एकच हुकूम असतो, 'सिट'. कुत्रा बसला की पाठीवर थाप आणि तोंडात बिस्किट. शिकलेला कुत्रा म्हणजे सांगितल्यावर बसणारा कुत्रा, अशी आपली साधी समजूत.

आता याच कुत्र्याला डॉग शोच्या रिंगणात उभा करा. परीक्षक समोर आले, मालक थांबला आणि कुत्रा सवयीनं टुणकन बसला, तर सगळी पंचाईत. पाठीची रेघ, मागच्या पायांचा बाक, छातीची खोली हे उभ्या कुत्र्यातच दिसतं. म्हणून तिथे थांबणं म्हणजे चारही पाय रोवून उभं राहणं. ओबिडियन्स, म्हणजे आज्ञापालनाच्या स्पर्धेत बरोबर उलटं. हँडलर थांबताक्षणी, काहीही न सांगता, कुत्र्यानं त्याच्या डाव्या पायाशी सरळ बसायचं. जरा तिरका बसला तरी गुण कापतात.

मला थक्क करते ती पुढची गोष्ट. एकच कुत्रा ही दोन्ही कामं शिकतो आणि गल्लत करत नाही. गळ्यात शोचा बारीक, दोरीसारखा पट्टा आला की थांबल्यावर उभा राहतो, नेहमीचा गळपट्टा आला की बसतो. माग काढणाऱ्या कुत्र्याच्या छातीवर हार्नेस चढवला की त्याचं नाक जमिनीकडे जातं. आज कुठला खेळ आहे, हे त्याला पट्टा सांगतो. परस्परविरोधी दोन सवयी तो सुखानं सांभाळतो. फक्त आपल्याला काय हवं आहे, ते आपल्या मनात स्पष्ट असावं लागतं. श्वानक्रीडांच्या जगात शिरलं की पदोपदी जाणवतं, की कुत्रा आपल्या मनातलं शिकत नाही, आपण ज्याला बक्षीस देतो तेच शिकतो. आणि बक्षीस कशाला द्यायचं, हे प्रत्येक खेळ वेगळं ठरवतो.

नुसतं सोबत चालणं घ्या, ज्याला सगळे 'हील' म्हणतात. मोठ्या स्पर्धांत कुत्रा मान वर करून, नजर हँडलरच्या चेहऱ्याला चिकटवून, पावलाला पाऊल लावून चालतो. हे शिकवण्याची एक युक्ती अशी, की हँडलर डाव्या काखेत चेंडू धरतो. कुत्र्याची नजर तिथे खिळते. दोन पावलं नीट चालला, की काख सैल होते आणि चेंडू थेट त्याच्या तोंडाशी पडतो. पुढे दोनाची वीस पावलं होतात, मग चेंडू नसला तरी मान वरच राहते. बघायला फार देखणं. पण सहारच्या विमानतळावर सीआयएसएफचा कुत्रा असा साहेबाच्या तोंडाकडे बघत चालला, तर बॅगांकडे बघणार कोण? त्याचं लक्ष बाहेर हवं. आणि पवईच्या फुटपाथवर या दोन्हींची गरज नसते. तिथे पट्टा सैल राहिला, रिक्षा गेली तरी हिसका बसला नाही, झाडाचा बुंधा हुंगायला मिळाला, की कुत्राही खूश आणि माणूसही.

बक्षिसाची वेळ इतकी महत्त्वाची का, याचं उत्तर मेंदूत आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की रस तोंडात पडल्यावर सुरुवातीला डोपामिनच्या पेशी चेततात. पण रसाआधी नेहमी एखादी खूण येत असेल, तर काही दिवसांनी त्या पेशी खुणेलाच चेततात आणि रस येतो तेव्हा शांत राहतात. ट्रेनरच्या हातातला 'क्लिक' करणारा छोटा क्लिकर ही तशीच खूण. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली लिहिलेल्या एका लेखात अशी टिकटिक करणारी खेळणी वापरण्याची शिफारस केली होती. क्लिक बसण्याच्या क्षणी झाला तर कुत्रा बसणं शिकतो. अर्धा सेकंद उशिरा, तो उठत असताना झाला, तर तो मन लावून उठायला शिकतो. बिचाऱ्याची त्यात काहीच चूक नसते.

माग काढण्याच्या कामात हा उद्देशांचा फरक सर्वांत सुंदर दिसतो. आधी नाकाबद्दल थोडं. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. हुंगताना तो सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत-बाहेर करतो, आणि सोडलेला श्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून जात असल्यामुळे पुढचा वास विस्कटत नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या पीटर हेपर आणि डेबोरा वेल्स यांनी २००५ साली एक प्रश्न तपासला. माणूस कुठल्या दिशेनं गेला, हे ओळखायला कुत्र्याला किती पावलं लागतात? तासाभरापूर्वीची पाच पावलं पुरली, तीन पुरली नाहीत. दोन पावलांमधलं अंतर जेमतेम सेकंदाचं असतं. म्हणजे तास उलटून गेल्यावरही पाचव्या पावलाचा वास पहिल्यापेक्षा तीन-चार सेकंदांनी ताजा आहे, हे त्या नाकाला कळतं. हे वाचल्यापासून मॉर्निंग वॉकला मध्येच थांबून जमीन हुंगणाऱ्या कुत्र्याला ओढून न्यावंसं वाटत नाही.

या नाकाचं करायचं काय, यावर मात्र दोन घराणी आहेत. जर्मनीत जन्मलेला शुट्झहुंड हा खेळ आता आयजीपी नावानं ओळखला जातो. त्यात माग, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० गुणांचे. वरच्या पातळीवर परक्या माणसानं शेतात किंवा गवतात सुमारे ६०० पावलं चालून तास झालेला असतो. दहा मीटर लांब दोरीच्या टोकाशी असलेला कुत्रा एकेका पावलावर नाक टेकवत, घाई न करता पुढे जातो. वाटेत टाकलेली वस्तू सापडली की तिथेच आडवा होऊन ती दाखवतो. हे शिकवताना सुरुवातीला प्रत्येक पाऊलखुणेत खाऊचा तुकडा ठेवतात. तुडवलेल्या गवताचा वास आणि खाऊ यांची सांगड बसते आणि कुत्रा एकही पाऊल गाळत नाही.

आता समजा, वळणाच्या अलीकडेच वाऱ्यावर माणसाचा वास आला, कुत्र्यानं मान उचलली आणि वळण टाळून थेट त्या माणसापाशी पोचला. स्पर्धेत गुण गेले. पोलिसांच्या कामात तेवढ्यानंच आरोपी हाती लागला! तिथे गवत नसतं, डांबर असतं, वरून शंभर माणसं चालून गेलेली असतात. तिथे देखणेपणाला किंमत नाही, पोचण्याला आहे. दोन्ही कुत्र्यांनी आपापल्या परीक्षेचं उत्तर बरोबर दिलेलं असतं.

मुंबईकराला कुत्र्याच्या नाकाबद्दल वेगळं सांगायला नको. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर हा लॅब्रेडॉर पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांनंतर तिसऱ्याच दिवशी, धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या स्कूटरमधलं आरडीएक्स त्यानं दाखवून दिलं. पुढच्या कामगिरीत ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसं त्याच्या नावावर नोंदली गेली. १६ नोव्हेंबर २००० ला हाडांच्या कर्करोगानं तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामानं निरोप दिला.

झंजीरसारख्या कुत्र्याच्या चुकांचा हिशेब बघा. नसलेला बॉम्ब 'आहे' म्हणून दाखवला, तर रस्ता अर्धा तास बंद राहतो, लोक कुरकुरतात. असलेला बॉम्ब सुटला, तर माणसं जातात. त्यामुळे संशय आला तर दाखव, अशीच शिकवण असणार. शिवाय दाखवायचं ते गुपचूप बसून. स्फोटकावर पंजा मारणारा किंवा भुंकणारा कुत्रा कुणाला हवा? ढिगाऱ्याखाली माणसं शोधणाऱ्या कुत्र्याला उलट भुंकावंच लागतं, कारण तो हँडलरच्या नजरेआड असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या भूकंपात एनडीआरएफच्या ज्युली या कुत्रीनं नुरदागी इथे ढिगाऱ्यात कुणी जिवंत असल्याची खूण दिली, मग रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याला पाठवून खात्री केली गेली आणि सहा वर्षांची मुलगी बाहेर निघाली. एका नाकावर दुसऱ्या नाकाची साक्ष घेण्याची ही पद्धत मला फार आवडते.

हेच हुंगणं खेळ म्हणून २००६ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालं. तिथे स्फोटकांऐवजी बर्च, अॅनिस आणि लवंग यांच्या तेलाचा वास शोधायचा. (आपल्याकडे घरात सराव करायचा तर लवंग बाद; मसाल्याच्या डब्यापुढे कुत्रा बसूनच राहील.) चुकीच्या जागी खूण झाली की स्पर्धेत फटका बसतो, म्हणून खेळातला कुत्रा जास्त चोखंदळ होतो. वास कुठे लपवला आहे, हे हँडलरलाही ठाऊक नसतं, आणि त्यामागे सबळ कारण आहे. २०११ साली कॅलिफोर्नियात लिसा लिट आणि सहकाऱ्यांनी १८ हँडलर आणि त्यांचे कामावरचे कुत्रे एका चर्चमध्ये नेले. इथे वास लपवलेले असतील, असं हँडलरना सांगितलं होतं. प्रत्यक्षात वास कुठेच नव्हता. १४४ फेऱ्यांपैकी फक्त २१ फेऱ्यांत एकही खूण नोंदली गेली नाही, बाकीच्यांत मिळून २२५ खुणा झाल्या. जिथे मुद्दाम लाल कागद चिकटवून हँडलरच्या मनात शंका पेरली होती, तिथे जास्त. एखाद्या कोपऱ्यापाशी माणसाचं पाऊल जरा रेंगाळलं, श्वास रोखला गेला, तरी कुत्रा ते वाचत असणार. किंवा माणूसच कुत्र्याच्या साध्या थांबण्याला खूण समजत असणार. जगातलं सर्वांत तीक्ष्ण नाक हाताशी असलं, तरी पट्ट्याचं दुसरं टोक आपल्याच हातात असतं.

चावण्याच्या खेळांबद्दल थोडक्यात. जर्मन शेफर्डची संघटना १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी उभारली. मेंढ्या राखण्याचं काम कमी होत असताना या कुत्र्यांचं कसब टिकावं, म्हणून कामाच्या चाचण्या आल्या. त्यांतूनच आलेल्या आयजीपीत कुत्रा समोरच्या माणसाच्या जाड बाहीलाच धरतो आणि हुकूम होताच सोडतो. फ्रान्स-बेल्जियमकडच्या रिंग स्पर्धांत समोरचा माणूस अंगभर सूट घालून कुत्र्याला हुलकावण्या देतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच परीक्षेसाठी निवड होत गेली, की कुत्र्याचा स्वभावच त्या परीक्षेच्या साच्यात जातो. एक प्रांजळ मत सांगतो. बेल्जियन मॅलिनॉइस हा याच मुशीतला अफाट कुत्रा आहे, आणि मुंबईच्या टू-बीएचकेत तो आणू नये.

आपल्या मातीतला कारवानी तर आणखी निराळा. सोलापूर-सांगलीपासून मुधोळपर्यंतचा हा लांब पायांचा कुत्रा नजरेनं शिकार हेरून धावणारा. त्याला मान वर करून हँडलरच्या पायाशी चालायला लावलं, तर तो सुस्त वाटेल. लांबवर काही हलू द्या, मग बघा. २०१६ मध्ये लष्करानं मुधोळच्या कुत्र्यांना मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतलं, ते याच गुणांचा कस लावून पाहायला.

पवईतल्या घरगुती कुत्र्याला सगळ्यांत जवळचा खेळ अॅजिलिटी. १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधल्या वेळेत प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी घोड्यांच्या उड्यांवरून हा प्रकार सादर झाला आणि जगभर पसरला. अडथळे, बोगदे, सीसॉ, आणि ६० सेंटिमीटर अंतरानं रोवलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी पळणं. पहिली काठी नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशीच हवी. उतरणीच्या टोकाला पिवळा पट्टा असतो आणि त्याला पाय लागलाच पाहिजे. हा नियम कुत्र्यानं उंचावरून उडी मारून सांधे दुखवू नयेत, म्हणून केलेला. वेग वाढवण्यासाठी इथे हँडलर कुत्र्याला ओरडून, टाळ्या वाजवून चेतवतात.

आणि इथेच घरच्या कुत्र्याची गाडी अडते. २०१५ मध्ये एमिली ब्रे, एव्हन मॅकलीन आणि ब्रायन हेअर यांनी पारदर्शक अडथळ्यामागे खाऊ घेऊन माणूस उभा केला. खाऊ समोर दिसतो, पण मिळवायला वळसा घालावा लागतो. मुळात शांत असलेल्या, अपंगांना मदत करायला तयार केलेल्या कुत्र्यांना उत्साहानं हाका मारल्या, तर ते कोडं आणखी चांगलं सोडवत. घरगुती, आधीच उसळणारे कुत्रे तशा हाकांनी बिघडत आणि सरळ अडथळ्यावर धडकत. म्हणजे जो उत्साह एका कुत्र्याला पदक मिळवून देतो, तोच दुसऱ्याला साधा वळसा घालू देत नाही. सोसायटीच्या लिफ्टपाशी 'चल, चल, चल बेटा!' असा गजर करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

घरच्या कुत्र्यासाठीही एक परीक्षा आहे. अमेरिकन केनेल क्लबनं १९८९ मध्ये ती सुरू केली. दहा बाबी, क्रमांक नाहीत, फक्त पास किंवा नापास. अनोळखी माणूस येऊन हात मिळवतो, तेव्हा उसळायचं नाही. गर्दीतून पट्टा न ताणता चालायचं. दुसरा कुत्रा दिसला तरी आपलं आपण राहायचं. शेवटची बाब अशी, की पट्टा परक्या माणसाच्या हाती देऊन मालक दिसेनासा होतो, आणि कुत्र्यानं तीन मिनिटं न भुंकता, न येरझारा घालता थांबायचं. बसून थांबला की उभ्यानं, याला तिथे गुण नाहीत.