स्त्रियांतील जीर्ण मलावरोध आणि श्रोणिसंधींचे विकार

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी, जामखेड इत्यादी तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी घराबाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. पहाटे फडात जायचे, तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची, असा त्यांतील स्त्रीचा दिवस असतो. फडात आडोसा नसतो. त्यामुळे शौचाचा वेग अंधार पडेपर्यंत आवरून धरावा लागतो. इतकेच नव्हे, तर तो येऊच नये म्हणून पाणीही बेताने प्याले जाते. यथाकाल दोन तक्रारी उद्भवतात : पोट साफ न होणे आणि कंबर धरणे. पहिली तक्रार लाजेपोटी सांगितली जात नाही. दुसरीचा दोष बहुधा गर्भाशयाला दिला जातो.

हा दोष किती महागात पडू शकतो, हे बीडमध्ये दिसून आले. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या शस्त्रक्रियांमागे पाळीमुळे पडणारा खाडा, कर्करोगाची भीती अशी अनेक कारणे होती. तथापि कंबरदुखीच्या रुग्णेची 'पिशवी' काढण्यापूर्वी तिच्या सांध्यांचा व कोठ्याचा विचार व्हावयास हवा, एवढे निश्चित.

या दोहोंचा संबंध शरीररचनेतच आहे. दोन बाजूंची नितंबास्थी, मागे त्रिकास्थी आणि पुढे जघनसंधी मिळून श्रोणीचे कडे बनते. मागील दोन त्रिक-नितंब संधींतून धडाचा सर्व भार पायांकडे उतरतो. स्त्रियांत हे सांधे पुरुषांपेक्षा लहान, सपाट व अधिक हालणारे असतात. गरोदरपणी अस्थिबंध सैल झाल्याने ते आणखी अस्थिर होतात. या कड्याच्या तळाशी जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावरच विसावतात. झोळीचे मागील तंतू त्रिकास्थी व माकडहाड यांच्या कडांना चिकटलेले असल्याने, झोळीवरील ताण सांध्यांपर्यंत पोहोचतो. २००४ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी मृतदेहांवर प्रयोग करून हे दाखविले : श्रोणितलाच्या स्नायूंवर कृत्रिम ताण दिला असता स्त्रियांत त्रिक-नितंब संधींचा ताठरपणा सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढला, पुरुषांत मात्र तसा फरक पडला नाही.

झोळीतील एक पट्टा गुदाशयाला मागून वेढा घालून त्यास पुढे वाकवून धरतो. मलोत्सर्गाच्या वेळी तो सैल पडावयास हवा. उकिडवे बसल्याने हा बाक अधिक सरळ होतो, म्हणून आपली जुनी बैठक शास्त्रशुद्धच म्हटली पाहिजे. वेग वारंवार दाबला की हा पट्टा आकुंचित राहण्यास सरावतो आणि ऐन वेळी सैल होण्याऐवजी आवळला जातो. मग कुंथावे लागते. वर्षानुवर्षे कुंथल्याने झोळी खाली ढकलली जाते, तिचे ज्ञानतंतू ताणले जातात व स्नायू दुबळे होतात. झोळी ताठली काय किंवा ढिली पडली काय, सांध्यांचा आधार बिघडतो.

उलट दिशेनेही हे चक्र फिरते. दुखऱ्या सांध्याच्या रक्षणार्थ श्रोणीचे स्नायू आवळले जातात. उकिडवे बसणे असह्य होते, म्हणून शौच टाळले जाते. त्यातच पांडुरोगासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या व काही वेदनाशामके मलावरोध वाढवितात. शिवाय आतड्याचा शेवटचा भाग व श्रोणितल या दोहोंच्या संवेदना बऱ्याच अंशी दुसऱ्या ते चौथ्या त्रिक-मज्जातंतूंच्या वाटेने जात असल्याने दुखण्याचे नेमके स्थान रुग्णेला सांगता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वेगधारणावर एक स्वतंत्र अध्याय आहे. मलवेग रोखल्याने पोटाबरोबर पोटऱ्यांतही पेटके येतात, असे तेथे म्हटले आहे. त्यामागील उपपत्ती निराळी असली, तरी निरीक्षण लक्षणीय आहे.

अर्थात प्रत्येक कंबरदुखीचे मूळ कोठ्यात शोधणे हाही भ्रमच ठरेल. मलातून रक्त, अकारण घटणारे वजन, जननेंद्रियांभोवती बधिरता किंवा लघवी अडकणे ही लक्षणे असतील, तर तातडीने अन्य कारणे पाहावी लागतात. थायरॉईडची मंदताही विसरता कामा नये. ती नसतील तेव्हा पाणी, चोथायुक्त आहार, ठरावीक वेळ आणि बैठक यांपासून उपचारास आरंभ होतो. उकिडवे बसणे अशक्य असल्यास खुर्चीच्या शौचकूपासमोर पायांखाली पाट ठेवता येतो. श्रोणितलाचे व्यायाम मात्र सरसकट सांगू नयेत. ढिल्या झोळीला आकुंचनाचा व्यायाम उपकारक असतो. आधीच ताठलेल्या झोळीला तोच व्यायाम दिला, तर मलावरोध आणि वेदना दोन्ही वाढण्याचा संभव असतो. अशा रुग्णेस प्रथम पोटाने श्वास घेत स्नायू सैल सोडण्यास शिकवावे लागते. आणि स्नायू कोणत्या अवस्थेत आहेत, हे प्रत्यक्ष तपासणीवाचून कळत नाही.